जिथे ओव्हरटेक करायचं नसतं

नोव्हेंबरातला रविवार. बेसातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी आणि माझा मामेभाऊ बसलो होतो. मधल्या स्टुलावर तर्री-पोह्याच्या दोन प्लेटा आणि पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केलेला फोन. फोनवर मकाव. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, त्यामुळे तिथली दुपार आपल्याकडे नाश्त्याच्या वेळेला येते. गिया रेस सुरू होती. दिसायला आपल्या पार्किंगमधल्यासारख्या, पण अंगावर जाहिराती गोंदवलेल्या गाड्या शहराच्या रस्त्यांवरून सुसाट चालल्या होत्या. मग एका वळणावर त्या सगळ्या एकदम मंदावल्या आणि एकामागे एक लागून, लग्नाच्या पंगतीत वाढप्याची वाट बघावी तशा, शिस्तीत वळू लागल्या.

मामेभावाने चमचा प्लेटमध्ये ठेवला. ‘काऊन बे, इथं कोणीच घुसून नाही राहिलं?’

मी सांगितलं, इथे ओव्हरटेक करायला बंदी आहे. या वळणावर कायम पिवळा झेंडा असतो.

‘रेसमधे ओव्हरटेकला बंदी? मग कायची रेस बे ते?’

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे. एखादा सिनेमा किंवा कादंबरी आपण जशी वाचतो, तशी शर्यतही वाचता येते असं मला वाटतं. तिला रचना असते, लय असते, तिचं स्वतःचं नीतिशास्त्र असतं, आणि ती काय दाखवते याच्याइतकंच ती काय फ्रेमबाहेर ठेवते हेही महत्त्वाचं असतं.

*

आधी थोडी ओळख. टूरिंग कार म्हणजे शोरूममध्ये मिळणाऱ्या गाडीवरून बनवलेली शर्यतीची गाडी. फॉर्म्युला वनची गाडी रस्त्यावर कधी दिसत नाही. तिला पुढचे दिवे नसतात, दरवाजे नसतात, मागची सीट नसते. टूरिंग कारचा चेहरा मात्र ओळखीचा असतो. गेली काही वर्षं मकावमध्ये टीसीआर नावाच्या नियमावलीतल्या गाड्या धावतात: दोन लिटरचं टर्बो इंजिन, साधारण साडेतीनशे अश्वशक्ती, आणि सगळी ताकद पुढच्या दोन चाकांना. त्यात ह्युंदाई एलांट्रा असते, होंडा सिव्हिक असते. या दोन्ही गाड्यांच्या साध्या बहिणी आपल्याकडेही विकल्या गेल्या आहेत. भारतातल्या टूरिंग कार शर्यतींमध्ये तर मारुती एस्टीम वर्षानुवर्षं धावली. आमच्या गल्लीत एक एस्टीम ताडपत्रीखाली उभी आहे. तिच्याकडे बघून कुणाला काही वाटत नाही, पण तिच्याच जातीच्या गाड्यांनी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर एकमेकींचे आरसे उडवले आहेत.

आता दुसरी गोष्ट, स्ट्रीट सर्किट. यात मुद्दाम बांधलेला ट्रॅक नसतो. शहराचेच रस्ते काही दिवस बंद करून, दोन्ही बाजूंना कठडे लावून शर्यत घेतली जाते. रस्त्याचा मधला उंचवटा, पांढऱ्या पट्ट्या, गटाराची झाकणं, सगळं जसंच्या तसं. झाकणं तेवढी पक्की करून घ्यावी लागतात, आणि तेही दरवेळी जमतंच असं नाही. २०२३ मध्ये लास वेगासला पहिल्या सरावाची काही मिनिटं होतात न होतात, तोच रस्त्यातलं पाण्याच्या व्हॉल्व्हचं झाकण उखडलं आणि कार्लोस साइन्झच्या फेरारीचं पोट फाटलं. नागपूरकराला हे वाचून जरा बरंच वाटतं. एवढे पैसे ओतूनही झाकण ते झाकणच.

म्हणजे टूरिंग कार ही रोजची गाडी आणि स्ट्रीट सर्किट हा रोजचा रस्ता. या दोन साध्या गोष्टी एकत्र आल्या की जे घडतं, त्याचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात नेमकं उदाहरण म्हणजे मकावची गिया रेस.

*

मकाव म्हणजे दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरचं, १९९९ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात असलेलं छोटं शहर. आपल्याला ते वाटतं तेवढं परकं नाही. १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. पणजीच्या जुन्या वस्तीत फिरलेल्याला तिथल्या चढउताराच्या गल्ल्या आणि पिवळट भिंती ओळखीच्या वाटतील. १९५४ मध्ये तिथल्या काही हौशी गाडीवाल्यांनी शहरात गाड्या घेऊन ‘खजिना शोधा’ खेळायचं ठरवलं, आणि त्या बेतातून शर्यत उभी राहिली. पहिला विजेता होता एदुआर्दू द कार्वाल्यू, गाडी ट्रायम्फ टीआर२. टूरिंग कारची स्वतंत्र गिया रेस १९७२ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी आपल्याकडे फिरोज खानचा ‘अपराध’ आला होता. त्यात शर्यतीची दृश्यं होती, पण ती चित्रित करायला जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगला जावं लागलं होतं. तिकडे लोक घरापुढच्या रस्त्यावर शर्यत लावत होते आणि आपण ती पडद्यावर आणण्यासाठी परदेश गाठत होतो. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

सर्किट ६.१२ किलोमीटरचं, आणि त्याचे दोन स्वभाव आहेत. अर्धा भाग समुद्राच्या बाजूचा, रुंद आणि सरळ. तिथे गाड्या ताशी दोनशेच्या बऱ्याच वर जातात, पुढच्या गाडीच्या मागे हवेच्या पोकळीत शिरतात आणि लिस्बोआ नावाच्या काटकोनी वळणावर ब्रेक मारण्याची हिंमत कुणाची जास्त ते ठरतं. ओव्हरटेक झालं तर बहुतेक इथेच. उरलेला अर्धा भाग गिया टेकडीच्या अंगाने चढतो-उतरतो. टेकडीवर १८६५ चा दीपस्तंभ, खाली घरं, मध्ये अरुंद वळणांची माळ. त्यांची नावं ऐका: मॅटर्निटी बेंड, पोलीस बेंड, फिशरमन्स बेंड, रिझर्व्हायर बेंड. बाळंतपणाचा दवाखाना, पोलीस, कोळी, पाण्याचा तलाव. ज्या वळणावर मामेभाऊ अडखळला त्याचं नाव मेल्को, म्हणजे तिथल्या जुन्या वीज कंपनीच्या नावाचं लघुरूप. आपण पॉवर हाऊस चौक म्हणतो तसंच.

मेल्को हे सर्किटचं सगळ्यात अरुंद ठिकाण, रुंदी जेमतेम ७ मीटर, आणि वळण जवळजवळ उलटं फिरणारं. काही गाड्यांचं स्टिअरिंग खास या एका वळणासाठी जास्त वळेल असं करून घ्यावं लागतं. इथे दोन गाड्या शेजारी शेजारी घुसल्या तर दोन्ही अडकतील आणि मागची सगळी रांग तुंबेल. म्हणून बंदी. ही बंदी शर्यतीच्या आड येते असं वरवर वाटतं. चार-पाच वर्षं पाहिल्यावर माझं मत बदललं. मेल्कोला काही करता येत नाही हे प्रत्येकाला माहीत असतं, म्हणून जे करायचं ते त्याच्या आधी किंवा नंतर करावं लागतं. वळणातून बाहेर पडताना कोण आधी ॲक्सिलरेटर दाबतो आणि कुणाची पुढची चाकं नुसतीच घासत राहतात, यावर फिशरमन्स बेंड, मग रिझर्व्हायर, मग ती लांब सरळ वाट आणि शेवटी लिस्बोआ, एवढी सगळी साखळी ठरते. म्हणजे लिस्बोआला दिसणाऱ्या ओव्हरटेकची सुरुवात दोन किलोमीटर आधी, रांगेत शांत उभं राहण्यात झालेली असते. तबल्यात समेच्या आधीची जागा जशी मोकळी वाटते पण मोकळी नसते, तसं हे आहे.

*

त्यामुळे ही शर्यत फक्त रविवारी पाहणं म्हणजे नाटकाचा तिसरा अंक पाहून परीक्षण लिहिण्यासारखं आहे. खरा मजकूर गुरुवारपासून सुरू होतो. पहिल्या सरावात चालक भिंतीपासून हातभर लांबून जातात. शुक्रवारपर्यंत ते अंतर वीतभर होतं. पात्रता फेरीत ते बोटांवर येतं, आणि आरशाचा किंवा मागच्या बंपरचा रंग भिंतीला लागलेला दिसू लागतो. टेकडीवर पुढे घुसायला जागा नाही, म्हणजे आपण कितव्या क्रमांकावरून सुरुवात करतो यालाच सोन्याची किंमत. आणि तो क्रमांक भिंतीशी केलेल्या सलगीतून मिळतो. बांधलेल्या ट्रॅकवर चूक झाली की गाडी मातीत किंवा रुंद डांबरावर जाते, चालक परत येतो. इथे चूक म्हणजे थेट कठडा. चार दिवसांत एक माणूस एका रस्त्याला हळूहळू पाठ करत जातो, हे पाहण्यात कमालीचं सुख आहे.

आणि त्या चार दिवसांतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट प्रक्षेपणात जवळजवळ दिसतच नाही. दिवसभराचं संपलं की संध्याकाळी बरेचसे रस्ते वाहतुकीला पुन्हा खुले होतात. सकाळी जिथे कुणी आरसा घासला, तिथून रात्री एखादी बाई स्कूटरवरून भाजी घेऊन जाते. रस्ता उसना घेतलेला आहे आणि रोज परत करायचा आहे. समालोचक मात्र वेळा आणि गुण सांगण्यात इतके बुडालेले असतात की हे शहर नावाचं पात्र त्यांच्या बोलण्यात क्वचितच येतं. चांगल्या प्रक्षेपणाची माझी कसोटी साधी आहे: आवाज बंद करून पाहिलं तर ही शर्यत कुठल्या गावात चालली आहे हे कळतं का? मकावचं प्रक्षेपण या कसोटीवर निम्मंच उतरतं, आणि तेही बऱ्याचदा हेलिकॉप्टरच्या कॅमेऱ्याच्या कृपेने.

*

२०२५ च्या उन्हाळ्यात जोसेफ कोसिन्स्कीचा ‘एफ१’ आला. आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. मी दोनदा पाहिला. कॉकपिटमधले कॅमेरे, खऱ्या शर्यतींच्या आठवड्यात खऱ्या ट्रॅकवर केलेलं चित्रण, आवाज, सगळं जबरदस्त. पण त्यातली एक गोष्ट मला टोचत राहिली. ब्रॅड पिटचा सनी हेज हंगेरीतल्या शर्यतीत मुद्दाम धडका घडवतो, सेफ्टी कार बाहेर काढायला लावतो आणि आपल्या सहकाऱ्याला फायदा मिळवून देतो. थिएटरमध्ये शिट्ट्या पडल्या. सिनेमा त्याला हुशारी म्हणून पेश करतो.

असं खऱ्या आयुष्यात घडलेलं आहे, आणि तेही स्ट्रीट सर्किटवर. २००८ मध्ये सिंगापूरच्या रात्रीच्या शर्यतीत रेनोच्या नेल्सन पिके ज्युनियरने मुद्दाम गाडी भिंतीवर घातली, सेफ्टी कार आली आणि त्याचा सहकारी फर्नांडो अलोन्सो जिंकला. पुढच्या वर्षी हे उघड झालं तेव्हा त्याकडे कुणी गंमत म्हणून पाहिलं नाही. संघप्रमुख फ्लाव्हिओ ब्रिआटोरेवर बंदी आली; ती पुढे फ्रान्सच्या न्यायालयाने उठवली, पण डाग राहिला. कारण साधं आहे. भिंतीवर आदळलेल्या गाडीकडे कुणाला तरी धावत जावं लागतं. झेंडे दाखवणारे, तुकडे गोळा करणारे मार्शल असतात. सिनेमात ते पार्श्वभूमीला, धूसर. धडक ही नायकाच्या हातातलं हत्यार होते आणि ती धडक निस्तरणारी माणसं फ्रेमबाहेर जातात.

मला सिनेमावर नैतिकतेचा दंडुका उगारायचा नाही. माझा आक्षेप कलेच्या अंगाने आहे. ज्या कथेत नायक नियम वाकवू शकतो, त्या कथेत वळणाला काही वजन राहत नाही. मेल्कोला सनी हेज आला असता तर पटकथेने त्याला तिथेही आतून घुसवलं असतं, आणि मग मेल्को, मेल्को राहिलं नसतं.

*

इथे तुम्ही मला अडवाल, आणि अडवायला हवं. या शर्यतीचं एवढं गुणगान करतोयस, पण ती माणसं मारते त्याचं काय?

खरं आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात मकावला लागोपाठ दोन दिवसांत दोन मृत्यू झाले. आधी मोटरसायकलवरचा पोर्तुगीज लुईस कारेइरा, आणि दुसऱ्या दिवशी टूरिंग कारच्या पात्रता फेरीत हाँगकाँगचा फिलिप याऊ. शर्यतीचा आठवडा पुढे चालू राहिला. २०१८ मध्ये फॉर्म्युला थ्रीच्या शर्यतीत सोफिया फ्लोर्शची गाडी लिस्बोआला हवेत उडून कुंपणापलीकडे, छायाचित्रकारांच्या मचाणावर आदळली. तिच्या मणक्याला फ्रॅक्चर झालं, इतर माणसंही जखमी झाली. पुढच्या वर्षी ती पुन्हा तिथेच धावायला आली. आणि २०१६ मधली ती विचित्र गोष्ट: जीटी गाड्यांच्या शर्यतीत लॉरेन्स वानथूरची गाडी उलटून छतावर घसरत गेली, शर्यत तिथेच थांबवली, निकाल आधीच्या फेरीवरून लावला आणि उलट्या गाडीतला माणूस विजेता ठरला. ती क्लिप तुमच्याही फोनवर कधीतरी आली असेल. आपण हसून पुढे पाठवली असेल.

याचं समर्थन माझ्याकडे नाही. एवढंच म्हणता येतं की ही शर्यत आपला धोका लपवत नाही. भिंत पहिल्या मिनिटापासून चौकटीत असते, आणि तिथे उतरणारा प्रत्येक जण ती पाहून, हेल्मेट घालून, स्वतःच्या मर्जीने उतरलेला असतो. रस्त्यावर त्या वेळी दुसरं कुणी नसतं. या शेवटच्या वाक्याकडे मी परत येणार आहे.

*

आपल्याकडे काय झालं? बेसापासून सगळ्यात जवळचं स्ट्रीट सर्किट हैदराबादला झालं, साधारण पाचशे किलोमीटरवर, एका हायवेच्या दुसऱ्या टोकाला. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेन सागरच्या काठी फॉर्म्युला ई ही विजेवरच्या गाड्यांची शर्यत झाली. २.८३ किलोमीटर, १८ वळणं, विजेता फ्रान्सचा ज्याँ-एरिक व्हर्न. सरावाच्या आधी गावातल्या गाड्या ट्रॅकवर शिरल्याचे व्हिडिओ फिरले आणि देशभर हशा झाला. त्याच वर्षाच्या शेवटी राज्यात सरकार बदललं आणि जानेवारी २०२४ मध्ये दुसरी शर्यत रद्द झाली. मग चेन्नई: ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर २०२४, आयलंड ग्राउंड्सभोवती साडेतीन किलोमीटर, रात्रीचे दिवे. आधी डिसेंबर २०२३ मध्ये ठरली होती, पण मिचाँग चक्रीवादळाने ती वाहून नेली. शर्यत झाली तेव्हा मंजुरीला उशीर झाला आणि एक कुत्रा ट्रॅकवर आला. पुन्हा हशा.

मला हसणाऱ्यांचा राग येतो. हैदराबादच्या त्या गाडीवाल्यांनी काय केलं होतं? ते आपल्या रोजच्या रस्त्याने निघाले होते. त्यांच्या दृष्टीने ट्रॅकच रस्त्यावर शिरला होता. दोन्ही ठिकाणी आपण कठडे, दिवे आणि करार आणले. मकावची गोष्ट ज्या टोकापासून सुरू झाली ते टोक आणायचं राहिलं. तिकडे आधी गावातले लोक आपल्या गाड्या घेऊन आले, भिंती आणि जागतिक दर्जा मागाहून आला. आजही तिथे त्या आठवड्यात स्थानिक चालकांना वेगळी शर्यत असते. आपल्याकडे धावल्या त्या एकाच आसनाच्या, कुणाच्याच अंगणात न दिसणाऱ्या गाड्या. आपल्या टूरिंग कार मात्र गावाबाहेरच्या बंद ट्रॅकवर, मोजक्या प्रेक्षकांपुढे धावत राहिल्या. आणि आपल्याकडे माणसं नाहीत असंही नाही. कोल्हापुरात मोहित्यांची रेसिंग अकादमी आहे. ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या एकाच बनावटीच्या गाड्यांच्या स्पर्धांमधून पुढे आला. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटनमध्ये फॉर्म्युला थ्री खेळून आला. हैदराबादच्या त्या रस्त्यावर एस्टीम आणि पोलो धावल्या असत्या, तर कठड्यापलीकडच्या माणसाने निदान म्हटलं असतं, ‘अरे, ही तर आपली गाडी.’

माझ्या युक्तिवादात एक भोक आहे, ते मीच दाखवतो. मकाव जुगारघरांच्या पैशावर चालणारं शहर आहे. सत्तर वर्षं शर्यत टिकवणं त्याला परवडतं. एका वर्षाच्या हैदराबादशी त्याची तुलना पूर्ण न्याय्य नाही. पण सुरुवात कुठून करायची, हे ठरवायला जुगारघर लागत नाही.

*

आता मामेभावाबद्दल. त्या रविवारी तो उजवा पाय समोरच्या खुर्चीवर लांब करून बसला होता, कारण त्या पायात रॉड आहे.

आमच्याकडे घरं वाढली तसे रस्ते झाले. आउटर रिंग रोडच्या बाजूला सिमेंटचा एक नवा पट्टा तयार झाला आणि काही महिने तो रात्री रिकामा असायचा. निदान आम्ही तो रिकामा समजायचो. पाच बाइक, रात्रीचे दोन, पैज बिर्याणीची. मी चालवत नव्हतो. मी शेवटच्या खांबाशी फोन घेऊन उभा होतो, व्हिडिओ काढत.

तो व्हिडिओ अकरा सेकंदांचा आहे. नऊ सेकंद फक्त दिवे मोठे होताना दिसतात आणि माझा आरडाओरडा ऐकू येतो. दहाव्या सेकंदाला डाव्या कडेने एक सायकल फ्रेममध्ये येते. दिवा नाही, कॅरियरला डबा. पहाटेच्या पाळीला निघालेला माणूस असावा. मामेभावाने हँडल फिरवलं, सायकलवाला वाचला, तो स्वतः दुभाजकावर गेला. रुग्णवाहिका येईपर्यंत त्या माणसाने त्याचं डोकं मांडीवर धरून ठेवलं. मग डबा उचलून तो कामावर गेला. आम्ही त्याचं नावही विचारलं नाही.

मी तो व्हिडिओ पुसलेला नाही. सिनेमाबद्दल लिहिताना ‘काय फ्रेमबाहेर ठेवलं’ असं मी ऐटीत लिहितो, तेव्हा तो मला आठवतो. नऊ सेकंद माझ्या फ्रेममध्ये वेगाशिवाय काही नव्हतं. सायकलवाला तेव्हाही त्याच रस्त्यावर होता.

म्हणून ‘मग कायची रेस बे ते’ याचं उत्तर मी आता असं देईन. शर्यत म्हणजे रस्ता मागून घेणं, त्यावर दुसरं कुणी नाही याची खात्री करणं, आणि संध्याकाळी तो परत करणं. मधल्या वेळेत जेवढं धाडस करायचं तेवढं करा. मेल्कोला लागलेली रांग त्या कराराचाच भाग आहे. आम्ही सिमेंटच्या पट्ट्यावर करत होतो त्याला शर्यत म्हणता येत नाही. त्यात मागणं नव्हतं आणि परत करणंही नव्हतं.

पुढच्या नोव्हेंबरात तुम्ही पाहणार असाल, तर गुरुवारपासून पाहा. एक गाडी निवडा आणि तिचं भिंतीपासूनचं अंतर रोज बघत जा. रविवारी लिस्बोआला सगळे जण ओरडतील, ते ओरडू द्या. तुम्ही त्याआधी मेल्कोकडे लक्ष ठेवा.

मामेभाऊ हल्ली तेच करतो. प्रत्येक फेरीला मेल्को आलं की तो बोलणं थांबवतो आणि वळणात शिरलेल्या गाड्या मोजतो. सगळ्या बाहेर पडल्या की मगच पोह्यांकडे वळतो.